नाकातोंडात पाणी

माणसाच्या नाकपुड्या खालच्या बाजूला ठेवण्यात विधात्याने जी दूरदृष्टी दाखवली आहे, तिचं कौतुक आपण कधी करत नाही. त्या वरच्या बाजूला असत्या तर जून ते सप्टेंबर हे चार महिने आपल्यापैकी प्रत्येकाला एका हातात छत्री आणि दुसरा हात नाकावर अशा अवस्थेत फिरावं लागलं असतं, आणि लोकलमध्ये लोंबकळायला तिसरा हात कुठून आणायचा हा प्रश्न उरलाच असता.

एरवी असले विचार मला सुचत नाहीत. मी बँकेत कारकून आहे आणि विचार करण्यासाठी आमच्याकडे वरचे अधिकारी आहेत. हा विचार सुचला तो आमच्या सोसायटीतल्या तात्यांमुळे. तात्यांनी निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात त्या वयात, एक जुनी पण भलीमोठी डिझेल गाडी घेतली. गाडी इतकी उंच की तात्यांच्या पत्नी आत बसायला निघाल्या की वॉचमन पाट आणून ठेवतो. पण गाडीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिच्या बॉनेटवर, बरोबर मध्यभागी, पुढच्या बाजूला उघडणारं एक रुंद तोंड आहे. साऱ्या मे महिन्यात तात्यांनी ते तोंड येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलाच्या सुवर्णपदकासारखं दाखवलं. "यातून हवा थेट इंजिनात जाते," असं ते सांगायचे.

मग मृगाची पहिली सर आली आणि तात्यांच्या लक्षात आलं, की ज्या भोकातून हवा जाते त्या भोकातून पाणीही जातं. ते जेवणाच्या ताटावरून उठले, टेबलावरचा द्राक्षांच्या चित्रांचा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ ओढला (त्यावरची आमटी बाजूला ठेवण्याची संधी घरच्यांना मिळाली नाही असं ऐकतो) आणि धावत खाली जाऊन त्यांनी गाडीचं तोंड बांधून टाकलं. वरून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत दोन पक्ष पडले. सेक्रेटरींचं म्हणणं, पाणी आत गेलं की इंजिनाला न्यूमोनिया झालाच म्हणून समजा. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचं म्हणणं, गाडी बनवणारे काय अमावस्येला जन्मले होते? त्यांना पाऊस माहीत नाही? शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो बँकवाले, तुम्ही सांगा. तुम्ही वाहनकर्जाच्या टेबलावर बसता ना?"

मी बी.कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात यंत्र म्हणजे ज्यावर दर वर्षी घसारा काढतात ती वस्तू. यापलीकडे यंत्राशी माझी ओळख नसावी अशीच विद्यापीठाची इच्छा होती. तरीही "मला नाही माहीत" असं म्हणून मी सुटका करून घेतली नाही. माझ्या लिहायच्या टेबलावर वीतभर लांबीची एक वाकडी लोखंडी दांडी आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली. गाडी आणि पाणी हे दोन शब्द एकत्र ऐकले की मला ती दांडी आठवते. तिची हकीकत पुढे येईलच. तिच्यामुळेच मी चार रात्री जागून मोटारीच्या नाकाचा इतिहास वाचून काढला.

इतिहास असा, की सुरुवातीला गाडीला थंड हवा कुणाला नकोच होती. १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी निघाली. तिच्या कार्बुरेटरला हवा मिळायची ती एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीजवळून, चांगली गरम करून. गार हवेत पेट्रोलची नीट वाफ व्हायची नाही म्हणून ही व्यवस्था. थोडक्यात, त्या गाडीला नवरदेवासारखं सगळं ऊन-ऊन लागायचं. नाक बॉनेटखाली झाकलेलं, त्यामुळे पाऊस त्यात जाणार कुठून?

पुढे इंजिनं मोठी झाली, शर्यती सुरू झाल्या आणि लोकांच्या लक्षात आलं, की गरम हवा पातळ असते. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि बॉनेटखाली ६५, तर तेवढ्याच जागेत हवा सुमारे ९ टक्के कमी बसते. हवा कमी म्हणजे जळणारं पेट्रोल कमी, म्हणजे ताकद कमी. नऊ टक्के! मुदतठेवीवर पाव टक्का जास्त मिळतो म्हणून लोक आमची शाखा सोडून समोरच्या शाखेत जातात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या इंजिनिअरांना नऊ टक्के सोडवणं शक्यच नव्हतं.

मग १९६० च्या दशकात गाड्यांना नाकं फुटू लागली. १९६४ साली फोर्डने फेअरलेन थंडरबोल्ट नावाची शर्यतीची गाडी काढली. तिच्या पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून टाकले आणि त्या भोकांतून जाड नळ्या थेट कार्बुरेटरपर्यंत नेल्या. दिसलं कमी तरी चालेल, पण दम लागता कामा नये, असा विचार. त्याच वर्षी आलेल्या पॉन्टियॅक जीटीओच्या बॉनेटवर दोन ऐटबाज तोंडं होती, पण ती होती खोटी. शिंपी कधी कधी कोटाला नुसतीच खिशाची पट्टी शिवतो, आत खिसा नसतोच, तसली. पुढच्या वर्षी पॉन्टियॅकने ती तोंडं खरी करायचं सामान विकायला काढलं.

आणि तोंड खरं झालं त्या क्षणी आमच्या तात्यांचा प्रश्न जन्माला आला. म्हणजे तात्या या बाबतीत साठ वर्षं उशिरा का होईना, डेट्रॉइटच्या पंक्तीत जाऊन बसले आहेत. इंजिनिअरांनी या प्रश्नाची उत्तरंही दिली. १९६९ च्या जीटीओत डॅशबोर्डखाली एक मूठ होती. ती ओढली की बॉनेटवरच्या तोंडांची झाकणं उघडायची, ढकलली की मिटायची. मूठ चालकाच्या हाती, त्यामुळे पाऊस आला की गाडीत बसल्या-बसल्या नाक बंद. १९७० च्या शेव्हरले शेव्हेलमध्ये तोंड उलटं फिरवून समोरच्या काचेकडे केलं. वेगात जाताना काचेच्या पायथ्याशी हवा दाबून साचते, तिथून ती घ्यायची. समोरून येणाऱ्या पावसाकडे गाडीची पाठ. शिवाय तिथलं झाकण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच उघडायचं. त्याच वर्षीच्या प्लिमथ रोडरनरमध्ये एक बटन दाबलं की बॉनेटमधून हवा खाणारी पेटी वर यायची आणि तिच्या दोन्ही बाजूंवर चक्क दात रंगवलेले असायचे. शेजारच्या गाडीवाल्याने सिग्नलला पाहावं आणि दचकावं, एवढाच त्या दातांचा उपयोग. फोर्ड मस्टँगच्या एका प्रकारात १९६९ पासून तोंड इंजिनावरच बसवलेलं होतं आणि ते बॉनेटच्या भोकातून बाहेर डोकवायचं. इंजिन थरथरलं की तेही थरथरायचं. मारुतीच्या देवळात अंगात आलेल्या माणसासारखं.

मग १९७० साली अमेरिकेत हवाशुद्धीचा कायदा झाला, १९७३ साली तेलाचा भडका उडाला आणि ही सगळी नाकं हळूहळू मिटली. पुष्कळशी पुन्हा खोटी झाली, म्हणजे नुसती खिशाची पट्टी. गंमत म्हणजे त्या सुमाराच्या गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत एक्झॉस्टजवळची गरम हवा द्यायची पद्धतही परत आली. हेन्री फोर्ड हसले असतील.

तोंडं पुन्हा खरी झाली ती टर्बोचार्जरमुळे. १९९२ च्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवर किंवा २००९ साली आपल्याकडे आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जे तोंड होतं, त्याच्याखाली इंजिनाचं नाक नसतंच. तिथे असतो इंटरकूलर. टर्बो हवा दाबून भरतो, दाबलेली हवा तापते, ती गार करणारी ही जाळी. बॉनेटवरून आलेला वारा या जाळीच्या बाहेरून वाहतो. इंजिनात जाणारी हवा तिच्या आतून, बंद नळीतून जाते. त्यामुळे या तोंडात पाऊस पडला तर तो जाळीवर पडतो आणि जाळी आणखी गार होते. आपण उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतो, तसं. ते गुंडाळल्यामुळे माठाला सर्दी झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

पण समजा, तोंड थेट नाकात उघडतं आहे. जुन्या जीटीओची मूठ ओढलेली आहे आणि मुसळधार कोसळतोय. मग? इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली.

तासाला ५० मिलिमीटर म्हणजे चांगलाच धो-धो पाऊस. असा पाऊस पडत असताना एक घनमीटर हवेत थेंबांच्या रूपाने पाणी असतं अवघं दोन-अडीच ग्रॅम. ८०० सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला फार तर सव्वा घनमीटर हवा ओढतं. म्हणजे पाणी झालं तीन ग्रॅम, चहाचा अर्धा चमचा. तोही एका मिनिटातल्या ४५०० श्वासांत वाटलेला. हे म्हणजे आमच्या महागाई भत्त्याची वाढ एकेका खडूच्या तुकड्यात विभागून देण्यासारखं झालं.

आता हेडमास्तरांनी एक शंका काढली आणि ती रास्त होती. धावत्या गाडीचं तोंड हवेपेक्षा जास्त पाणी गोळा करतं. हवा वळून बाजूने निघून जाते, थेंब जड असल्यामुळे सरळ आत घुसतो. खरं आहे. वीस सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच तोंड ताशी ७२ किलोमीटर वेगाने त्या पावसातून गेलं, तर मिनिटाला साठेक ग्रॅम पाणी आत येईल, म्हणजे अर्धा कप. म्हणून तर त्या पेटीला तळाशी पाणी निघून जायला भोकं ठेवतात, हवेला वळणं घ्यायला लावतात आणि पुढे फिल्टर असतो. पण ही सगळी व्यवस्था कोसळली आणि तो अर्धा कप पुरता इंजिनाने प्यायला, तरी एका श्वासाला एका ग्रॅमचा पंचाहत्तरावा भाग! इंजिन खोकेल, अडखळेल, फिल्टर भिजला तर दमल्यासारखं करेल. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल जाऊन गाडी बंद पडायची आणि मालक कोरड्या रुमालाने ती पुसत उभा राहायचा, तसंही होईल. पण मोडणार नाही.

उलट, पाणी हे इंजिनाच्या ओळखीचं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. आपल्या नगरपालिकेला हे कळलं तर त्यावरही पट्टी लावतील. आणि इंजिनात मुद्दाम पाणी घालणारेही होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना ऐनवेळी जादा ताकद हवी असली की पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारून आत सोडत, म्हणजे आतली हवा गार व्हायची आणि इंजिन ठोके मारायचं नाही. जर्मन विमानांत हे मिश्रण निम्मं-निम्मं असायचं. १९६२ साली ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची गाडीच अशी काढली, की तिला पेट्रोलखेरीज पाणी-मिथेनॉलची वेगळी बाटली भरावी लागे. तिचं नाव ठेवलं होतं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. नाव एवढं भारदस्त असूनही मालक ती भरायला विसरत. दोन वर्षांत गाडी बंद झाली. पाणी घातल्यामुळे नव्हे. पाणी घालायला विसरल्याने जी कटकट व्हायची, ती या गाडीला भोवली.

पावसाने इंजिन बंद पडल्याचं एकही उदाहरण नाही का? आहे, पण ते आकाशातलं. २४ मे १९८८ या दिवशी टाका या कंपनीचं बोइंग ७३७ विमान अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला उतरायला निघालं होतं. आत ४५ माणसं. वादळातला पाऊस आणि गारा इतक्या आत गेल्या की दोन्ही जेट इंजिनं विझली. जेटमध्ये सतत पेटती ज्योत असते, ती अशा माऱ्याने विझू शकते. वैमानिकांनी इंजिनं पुन्हा सुरू केली, पण ती वेग धरेनात. जोर लावावा तर भयंकर तापू लागली. तेव्हा कार्लोस दार्दानो या कॅप्टनने, एक डोळा पूर्वीच गमावलेल्या माणसाने, हट्ट सोडला, इंजिनं बंद केली आणि ते अवजड विमान ग्लायडरसारखं तरंगत नेऊन एका बांधाशेजारच्या गवतावर उतरवलं. ४५ च्या ४५ जण जिवंत. पुढे या इंजिनांच्या रचनेत सुधारणा झाल्या. मला मात्र यातलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटतं: त्याने हट्ट सोडला. ते मला जमलं नव्हतं.

तर आता दांडीची हकीकत.

पाणी वरून येतं तेव्हा ते थेंबाथेंबाने येतं. खालून येतं तेव्हा ते ढिगाने येतं. सैन्याला हे पक्कं ठाऊक होतं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना जीप आणि रणगाडे यांना हवेच्या उंच नळ्या जोडून नाक वर नेलं होतं. वरून पाऊस पडेल ही फिकीर कुणी केली नाही. आपल्या साध्या गाड्यांचं नाक मात्र बहुतेक वेळा पुढच्या दिव्याच्या आसपास, आत कुठेतरी असतं. तिथवर पाणी चढलं की इंजिन हवेऐवजी पाण्याचा घोट घेतं. त्या ८०० सीसीच्या इंजिनात पिस्टन सर्वांत वर गेला की त्याच्या डोक्यावर उरते ३३ घनसेंटिमीटर जागा, म्हणजे साडेसहा चमचे. हवा दाबली की तेवढ्यात मावते, पाणी दाबलं जात नाही. सातवा चमचा आत असेल तर पिस्टन वर जाऊ शकत नाही. पण त्याला वर ढकलणारी दांडी ढकलतच राहते आणि शेवटी वाकते. तिला कनेक्टिंग रॉड म्हणतात.

२६ जुलै २००५. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, प्रॉव्हिडंट फंडातून एक छोटी गाडी घेतली होती. आमच्या सात पिढ्यांतली पहिली. अण्णा ती स्वतः फारशी चालवत नसत, रोज सकाळी पुसत मात्र असत. त्या दिवशी मी ती हट्टाने शाखेत नेली. शाखा सांताक्रूझला. कारण उघड होतं: काउंटरवरच्या मंडळींना दाखवायची होती. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला फक्त ७३. आमचं घर मुलुंडला, गाडी सांताक्रूझला, आणि अक्कल बहुधा कुलाब्याला राहिली होती.

कुर्ल्याजवळ पाणी दिव्यांपर्यंत आलं आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. नुसती बंद पडली होती, मोडली नव्हती. ते मला आज कळतं. त्या वेळी मला फक्त अण्णांचं पिवळं फडकं दिसत होतं. मी सेल्फ मारला. पुन्हा मारला. बाजूने कमरेएवढ्या पाण्यातून जाणारा एक माणूस काचेवर थाप मारून ओरडला, "अरे सोड तिला, बाहेर ये!" मी म्हटलं, "एक मिनिट." तिसऱ्या-चौथ्या वेळी आतून 'खट्' असा आवाज आला आणि मग कुठलाच आवाज येईना. तेव्हा मी दार ढकलून बाहेर पडलो. त्या दिवशी मुंबईत काही माणसं बंद गाड्यांतच गुदमरून गेली. माझी ती एक मिनिट जरा लांबली असती, तर हा लेख लिहायला मी नसतो.

कुर्ला ते मुलुंड मी रात्रभर चालत आलो. फोन बंद होते. वाटेत अनोळखी लोकांनी चहा पाजला, बिस्किटं दिली. पहाटे गल्लीच्या तोंडाशी अण्णा रेनकोट घालून उभे दिसले. किती वेळ उभे होते ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, गाडी..." ते म्हणाले, "आधी गरम पाण्याने आंघोळ कर."

विम्याच्या सर्व्हेअरने नंतर समजावून सांगितलं, की पाणी शिरलं हा अपघात, पण त्यावर सेल्फ मारला ही मालकाची करणी, आणि पॉलिसी अपघाताची आहे, करणीची नाही. (अशा नुकसानीसाठी वेगळा हप्ता भरून इंजिनाचा जादा विमा मिळू लागला तो पुढे काही वर्षांनी.) दुरुस्तीत अण्णांचं चार महिन्यांचं पेन्शन गेलं. मेकॅनिकने वाकलेली दांडी काढून हातात दिली. ती मी फेकून देणार होतो. अण्णांनी ती रॉकेलने पुसली आणि विजेच्या बिलांवर ठेवली. मला वाटलं, आता जन्मभर हिच्यावरून बोलणी खावी लागणार. ते एक अक्षर बोलले नाहीत. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचे, "पेपरवेट आहे. जरा महागातलं."

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे टेबलक्लॉथ काढू का नको?" मी बॉनेट उघडायला लावलं. तोंडाखाली होता इंटरकूलर. खरं नाक होतं उजव्या दिव्यामागे, उघडंच. तात्यांनी महिनाभर गाडीचं भलतंच तोंड झाकून तिच्या गारव्याची वाट अडवली होती. तरी त्यांनी टेबलक्लॉथ काढला नाही. "असू द्या. मनाला बरं वाटतं," म्हणाले.

जुलैच्या शेवटी एका रात्री फाटकाशी गुडघ्याच्या वर पाणी साचलं. मी गॅलरीत उभा होतो. तात्या भाचीला स्टेशनवर सोडून परत येत होते. गाडी उंच, निभावली असती. पण नेमका समोरून आला पाण्याचा टँकर. एवढ्या पावसात आमच्या सोसायटीला पाण्याचा टँकर लागतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. टँकरने उठवलेली लाट तात्यांच्या दिव्यांवरून पार बॉनेटवर गेली आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

तो आचका माझ्या ओळखीचा होता. मी लुंगीवर, अनवाणी तीन मजले उतरलो. आमची ही मागून ओरडत होती, "अहो, छत्री!" काचेतून मला तात्यांचा हात किल्लीकडे जाताना दिसला. मी काचेवर दोन्ही हातांनी थाप मारली आणि मला स्वतःलाच अनोळखी वाटेल अशा आवाजात ओरडलो, "तात्या, हात काढा! सेल्फ मारू नका! बाहेर या!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांनी हात मागे घेतला. सेक्रेटरी, हेडमास्तर, वॉचमन आणि टँकरवाला अशा सहा-सात जणांनी मिळून आम्ही गाडी ढकलत वर आणली. सकाळी मेकॅनिक आला. एअर फिल्टर काढला तर त्यातून पाणी ठिबकत होतं. पुढची नळी मात्र जवळपास कोरडी होती. त्याने पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. ते फिरलं. नवा फिल्टर घातला, तासाभराने सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. मेकॅनिक म्हणाला, "रात्री एकदा जरी सेल्फ मारला असता ना साहेब, तर ते इंजिन बाद होतं."

मी खोलीत आलो, दांडी उचलली आणि थोडा वेळ हातात धरून बसलो. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांना हे सांगायला हवं होतं.

रविवारी सोसायटीची सभा झाली. तात्या उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, की एवढी लाट अंगावर येऊनही गाडी वाचली, याचं कारण एकच: टेबलक्लॉथ. टाळ्या झाल्या. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पाहुण्यांना पेपरवेट म्हणून सांगणाऱ्या माणसाचा मी मुलगा आहे.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीने पत्रक लागलं: पावसाळ्यात सर्व सभासदांनी आपापल्या वाहनांची तोंडे झाकून ठेवावीत. आता आमच्या आवारात ज्या गाड्यांना तोंडच नाही त्याही टेबलक्लॉथ पांघरून उभ्या असतात, आणि ओला कचऱ्याच्या गाडीवाल्याला वाटतं की आमच्याकडे रोज पंगत आहे. मी त्या पत्रकाखाली रात्री हळूच एक ओळ लिहिली आहे: पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून ती ओळ मी पत्रकाच्या मजकुराहून चौपट मोठ्या अक्षरांत, लाल शाईने लिहिली आहे.